दुबई की मस्कत? नाशिकहून नोकरीला निघण्याआधी काय काय बघायचं

गेल्या महिनाभरात सातपूर-अंबडच्या तीन पोरांनी मला हेच विचारलं, दुबईची ऑफर घेऊ की मस्कतची, आणि तिघांनीही आधी पगाराचा आकडा सांगितला, व्हिसा कुठला आहे ते एकानेही सांगितलं नाही. मी २०१४ ते २०१७ मस्कतला होतो आणि २०१८ पासून पाच वर्षं दुबईत, त्यामुळे दोन्हीकडचं राहणं बघितलंय. दुबई युएईत, मस्कत ओमानमध्ये, देश अगदी शेजारी, गाडीने साडेचार-पाच तास, पण नियम वेगळे आणि रोजचं जगणं तर फारच वेगळं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी पासपोर्ट उघडा. दहावी पास असाल तर तुम्ही ईसीएनआरमध्ये येता, म्हणजे जाताना सरकारी तपासणी लागत नाही, नसाल तर ईसीआर, म्हणजे ती लागते, आणि ईसीआरवाल्याला युएई, ओमान, सौदी, कतार, कुवेत, बहरीन यातल्या कुठल्याही देशात नोकरीला जाताना ई-मायग्रेट या सरकारी साइटवरून परवानगी घ्यावीच लागते. या परवानगीचा कंटाळा करू नका, ती तुमच्याच सुरक्षेसाठी आहे. तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते, १० लाखांचं कव्हर आहे आणि दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. एजंटचं नावसुद्धा ई-मायग्रेटच्या साइटवर तपासता येतं, नोंदणी आहे की नाही लगेच कळतं. नोंदणीकृत एजंटला तुमच्याकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, त्यामुळे कोणी दीड-दोन लाख मागत असेल तर तिथूनच उठा. युएईच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच मनाई आहे, तो कंपनीने करायचा असतो.

आता व्हिजिट व्हिसा. "आधी व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर कन्व्हर्ट करू" हे वाक्य नाशिकमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की राग येतो. दुबईत व्हिजिटवर जाऊन इंटरव्ह्यू देणारे खूप आहेत, नोकरी लागली की स्टेटस बदलूनही मिळतं, पण व्हिजिटवर असताना काम करणं बेकायदाच आहे आणि ऑगस्ट २०२४ पासून असं काम करून घेणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहॅम दंड आहे, त्यामुळे व्यवस्थित कंपन्या त्या वाटेला जातच नाहीत. मुदत संपून राहिलात तर दिवसाला ५० दिरहॅम तुमच्या खिशातून जातात. ओमानने तर ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी टुरिस्ट व्हिसाचा तिथल्या तिथे एम्प्लॉयमेंट व्हिसा करून द्यायचं बंद केलं. तेव्हा मस्कतसाठी एम्प्लॉयमेंट व्हिसाच हातात पडला पाहिजे, नुसत्या ऑफर लेटरवर इथली नोकरी सोडू नका. अजून एक, पासपोर्टवर आडनाव नसून एकच नाव असेल तर युएईचा व्हिजिट व्हिसा अडू शकतो, २०२२ पासूनचा नियम आहे, काही जुन्या पासपोर्टांवर एकच नाव असतं तेव्हा बघून घ्या.

कागदपत्रांत खरा वेळ जातो. ओमान अपोस्टिलवाल्या देशांत आहे (अपोस्टिल म्हणजे करारातल्या सगळ्या देशांत चालणारा एकच शिक्का), म्हणजे डिप्लोमा-डिग्रीवर आधी राज्याचा आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का झाला की काम झालं. सौदीलाही २०२२ च्या डिसेंबरपासून तसंच. युएई आणि कतारला मात्र त्याच्यावर त्यांच्या दूतावासाचंही अटेस्टेशन लागतं, म्हणजे एक टप्पा जास्त, पैसे जास्त आणि दिवसही जास्त. आपल्याकडे हमखास अडकतं ते नावात. दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, डिप्लोमावर आईचंही नाव, पासपोर्टवर तिसराच क्रम, आणि एखाद्या कागदावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. माझ्या डिप्लोमावर वडिलांच्या नावात एक 'ए' जास्त होता, तेवढ्यासाठी अॅफिडेव्हिट करून सगळं परत पाठवावं लागलं आणि जॉइनिंग पाच आठवडे पुढे गेलं. सगळे कागद एका टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, ऑफर यायच्या आधीच.

मेडिकलमध्येही फरक आहे. ओमानसाठी इथेच, त्यांच्या यादीतल्या सेंटरवर मेडिकल करून जायचं. युएईचं मेडिकल तिथे पोहोचल्यावर होतं, छातीचा एक्स-रे आणि रक्त. लहानपणी टीबी होऊन बरा झालेला असेल आणि फुफ्फुसावर डाग राहिला असेल तर तिथे अडवू शकतात, आणि तोवर तुम्ही इथला राजीनामा देऊन बसलेले असता. म्हणून दुबईला जाणाऱ्याने आधी नाशिकमध्येच एक एक्स-रे काढून छातीच्या डॉक्टरला दाखवावा, काही शे रुपयांचं काम आहे.

पगाराकडे येऊ. मस्कतचे ३५० रियाल ऐकून पोरं तोंड वाकडं करतात आणि दुबईचे ३५०० दिरहॅम ऐकून खूश होतात. दोन्ही चलनं डॉलरला बांधलेली आहेत, एक रियाल म्हणजे साधारण साडेनऊ दिरहॅम, म्हणजे ३५० रियालचे ३३०० च्या पुढे होतात, फरक फारच थोडा आणि मस्कतला घरभाडं बरंच कमी लागतं. पण मी ज्याच्यावर सगळ्यात जास्त भर देतो ती ओळ म्हणजे बेसिक, भत्ते सोडून उरणारा मूळ पगार. युएईत पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांच्या बेसिकची ग्रॅच्युइटी मिळते. ३५०० मध्ये बेसिक १५०० असेल तर वर्षाचे १०५०, तेच बेसिक २५०० असेल तर १७५०. पगार तोच, पण पाच वर्षांनी ३५०० दिरहॅमचा फरक पडतो, म्हणजे एक अख्खा पगार. ओमानमध्ये २०२३ च्या कायद्याने वर्षामागे पूर्ण एका महिन्याचं बेसिक आहे, हे तिथलं चांगलं. दुबईत नोकरी गेली तर आधार म्हणून विमा आहे, बेसिक १६ हजारांपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहॅम, सलग १२ महिने भरला असेल तर तीन महिन्यांपर्यंत बेसिकच्या ६० टक्के मिळतात, तो चुकवू नका.

नोकरी बदलायची झाली तर? माझ्या वेळी मस्कतला जुन्या कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागायची, कंपनीने नाही दिली तर दोन वर्षं परत यायला बंदी. माझ्या कंपनीने दिली नाही, दुसरीकडची चांगली ऑफर हातात असताना मी नाशिकला परत आलो आणि वर्षभर घरी होतो, बायकोचे दागिने बँकेत ठेवले तेव्हाचे दिवस आहेत ते. जानेवारी २०२१ पासून ती अट गेली, करार पूर्ण झाला की दुसरीकडे जाता येतं. कतारनेही २०२० मध्ये ती काढली. आता जाणाऱ्यांचं नशीब चांगलं आहे, फक्त करार किती वर्षांचा आहे ते सही करायच्या आधी वाचा. आणि पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा, युएईत कंपनीला तो ठेवून घ्यायची परवानगी नाही.

रोजच्या जगण्यात मला स्वतःला मस्कत जास्त आवडलं. शांत आहे, डोंगर आणि समुद्र दोन्ही, माणसं बोलायला मऊ, तिथल्या रुवी भागात भाजीपासून पोह्यापर्यंत सगळं मिळतं, आणि शंकराचं जुनं मंदिर आहे, शंभर वर्षांहून जुनं, महाशिवरात्रीला तिथली रांग बघून मला नाशिकचा कपालेश्वरच आठवायचा. पण गाडी नसेल तर हाल, मेट्रो नाही. दुबईत मेट्रो आहे, कामं भराभर होतात, पण भाडं वर्षाचं आणि ते चेकने द्यायचं, त्यामुळे एकटा माणूस सुरुवातीला बेड स्पेसवरच राहतो, एका खोलीत सहाजण, डब्याची वेळ ठरलेली, बाथरूमची पाळी ठरलेली. त्याची मनाची तयारी करून जा. युएईत कुटुंब न्यायचं तर पगार निदान ४००० दिरहॅम लागतो, किंवा ३००० आणि कंपनीचं घर. सौदीत कुटुंबातल्या दर माणशी महिन्याला ४०० सौदी रियाल फी आहे, बायको आणि दोन पोरं म्हणजे १२०० नुसते फीलाच.

उन्हात काम असणाऱ्यांनी दुपारच्या सुट्टीचे तास माहीत करून घ्या. युएईत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन, ओमानमध्ये जून ते ऑगस्ट साडेबारा ते साडेतीन, कतारमध्ये १ जूनपासून सकाळी दहा ते साडेतीन. त्या वेळात उघड्यावर काम करायला लावलं तर तक्रार करता येते.

घरी बोलायचं कधी हेही ठरवून जा. दोन्हीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. दुबईत शनिवार-रविवार सुट्टी, मस्कतला शुक्रवार-शनिवार, म्हणजे घरचे सगळे रविवारी निवांत असतात तेव्हा तुम्ही कामावर. दुबईत व्हॉट्सअॅप कॉल लागत नाही, तिथे बोटिम नावाचं अॅप वापरतात, तेव्हा निघायच्या आधी आईच्या फोनमध्ये ते टाकून दोनदा लावून दाखवा.

बॅग भरताना दोन गोष्टी तपासा. औषधं. ट्रामाडोल किंवा कोडीनवालं काही असेल तर परवानगीशिवाय नेऊ नका, बाकी गोळ्यांनाही डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी. आणि खसखस. आपल्याला वाटेल काय एवढं, पण युएई, सौदी, कतारमध्ये खसखस अमली पदार्थात धरतात, दाणे सापडले तरी पोलीस केस होऊ शकते. आपल्या घरच्या काळ्या मसाल्यात ती भाजून घातलेली असते, दिवाळीच्या अनारशांवर तर वरूनच लावलेली असते. एका रूममेटने विमानतळावर शेवटच्या क्षणी डबा उघडून अख्खे अनारसे भावाच्या हातात परत दिलेले मी बघितलेत. आईला आधीच सांगा, मसाला खसखस न घालता वेगळा कुटायचा आणि अनारसे तिळावर थापायचे.