हजेरीचं मशीन बोट ओळखेना, तेव्हा

ऑफिसातलं मशीन माझा अंगठा घेईना. काच पुसली, अंगठा दाबून धरला, उपयोग शून्य. (जोरात दाबल्याने तर रेषा पसरून ठसा आणखी बिघडतो.)

अशी मशीनं सहसा बोटाचा फोटो जुळवत नाहीत. रेषा कुठे संपतात, कुठे फुटून दोन होतात, त्या बिंदूंच्या जागा आणि दिशा साठवतात. नवा ठसा त्याच्याशी ताडून गुण देतात. गुण ठरलेल्या मर्यादेखाली गेले की नकार. माझी कातडी कोरडी पडून भेगाळली होती, त्यामुळे रेषा तुटक दिसत आणि नसलेले शेवट तयार होत. मर्यादाच खाली आणा, असं एकाने सुचवलं. मला पटलं नाही. मग दुसऱ्याचं बोटही माझं म्हणून खपेल!

शेवटी हात धुऊन पुसले, किंचित क्रीम चोळलं आणि ॲडमिनकडून दोन्ही तर्जनींची नवी नोंद करून घेतली, बोट काचेवर सपाट ठेवून. शिवाय आधी कर्मचारी क्रमांक टाकायची सोय चालू करायला लावली. आता मशीन सगळ्यांच्या नोंदींत मला शोधत बसत नाही, फक्त माझ्याच ठशाशी ताडतं. अंगठा अजूनही अधूनमधून नाकारला जातो म्हणा, पण त्याची गरजच पडत नाही.