टॅक्स थकलेला प्लॉट मनपाच्या लिलावातून घ्यायचाय? आधी हे वाचा

अमेरिकेत काउंटी (तिथला जिल्हा) टॅक्स थकलेलं घर लिलावात काढते आन घेणाऱ्याला टॅक्स डीड, म्हणजे मालकीचा कागद, देते, ते व्हिडिओ पाहून नागपुरातही पडीक प्लॉट असाच पडत्या भावात मिळेल असं बऱ्याच जणांना वाटतं. मिळू शकतो, पण इथला रस्ता वेगळा आहे भाऊ.

सगळ्यात आधी एक डोक्यातून काढा, दुसऱ्याच्या रिकाम्या प्लॉटचा टॅक्स आपण भरत राहिलो म्हणून तो आपला होत नाही, टॅक्स पावती म्हणजे मालकीचा कागद नाही.

लिलाव मनपा करते, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ खाली. आधी बिल, मग नोटीस, मग जप्ती, मग विक्री. थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती चढते, म्हणून वर्षानुवर्षं कोणी न फिरकलेल्या प्लॉटची रक्कम फुगलेली दिसते. लिलावाची जाहिरात पेपरात आन मनपाच्या वेबसाइटवर पाहायची, पण खरी माहिती झोन ऑफिसात मिळते. एकूण १० झोन आहेत, प्लॉट ज्या झोनमधे आहे तिथंच जा आन प्लॉटचा टॅक्सचा इंडेक्स नंबर सांगून विचारा. आणखी एक, मालकानं लिलावाआधी पैसे भरले की विषय संपला, म्हणून आधीच घरचं सोनं गहाण ठेवून बसू नका.

आता खरं काम, कागद. मनपाच्या रजिस्टरवर नाव एकाचं आन आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) दुसऱ्याचंच, हे आपल्याकडे काही नवीन नाही, त्यात मालक वारलेला आन वारस चार गावी. त्यामुळे आखीव पत्रिका किंवा सातबारा काढा, वकिलाकडून मालकीचा ३० वर्षांचा सर्च घ्या, बँकेचं कर्ज आहे का ते सरसाईवर (CERSAI, गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) पाहा, कोर्टात काही चालू आहे का तेही. जमीन नझूलची, म्हणजे सरकारनं लीजवर दिलेली, असेल तर लीजच्या अटी वाचा, अनधिकृत लेआउट असेल तर नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, झालंय का ते विचारा, नसेल तर बांधकामाच्या मंजुरीत अडकाल. माझं मत विचाराल तर नझूल आन आरएल नसलेला प्लॉट पहिल्यांदा घेणाऱ्यानं सोडूनच द्यावा.

मोक्यावर स्वतः जा, तेही संध्याकाळी. पडीक प्लॉटवर शेजाऱ्याच्या गाड्या, चहाटपरी नाहीतर एखादं छोटं मंदिर असतंच, आन ते हटवायची भानगड बहुतेक तुमच्याच गळ्यात येते, म्हणून ताबा कोण देणार हे नोटिशीतल्या अटींत शोधा. जुनं घर असेल तर महावितरणची थकबाकीही विचारा.

बोली लावताना वरची मर्यादा घरीच ठरवा, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, वकील आन साफसफाई वजा करून. बयाणा परत कधी मिळतो, उरलेली रक्कम किती दिवसांत भरायची आन चुकलं तर काय जप्त होतं हे नीट वाचा. बोली मंजूर झाली की विक्रीचा कागद दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा, मग सिटी सर्व्हेत फेरफार, मग मनपात नाव. त्याच आठवड्यात तारेचं कुंपण टाका आन तुमच्या नावाची पाटी लावा.