क्लोजरमधलं ‘फॉर’ म्हणजे लूप नव्हे

परवा भाच्यानं क्लोजर या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत इंदुरातल्या सराफ्याच्या खाण्याची यादी केली: गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलेबी. लूप, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणारी रचना, समजून ‘फॉर’ लावून एकेक नाव छापायचं होतं. रेपलमध्ये (ओळ टाइप केली की लगेच उत्तर दाखवणाऱ्या खिडकीत) सगळं छान उमटलं, फाइल चालवली तर स्क्रीन कोरी. “मामा, गराडू गेला कुठे?”

कुठेच नाही. क्लोजरचं ‘फॉर’ आळशी आहे. नवी यादी द्यायचं कबूल करतं, पण कुणी मागेपर्यंत हात हलवत नाही. रेपलला उत्तर दाखवायचं असतं, म्हणून ते मागतं, आणि आपण फसतो. छापणं, फाइलीत लिहिणं असलं काम असेल तर ‘डूसेक’ वापरा. कंस तेच, रचना तीच, शब्द तेवढा बदलायचा. ते लगेच चालतं आणि शेवटी ‘निल’, म्हणजे ‘काही नाही’, देतं. नवी यादी हवी असेल तरच ‘फॉर’ किंवा प्रत्येक घटकावर तेच काम करणारा ‘मॅप’.

आणखी एक खोच. व्हेक्टरवरचा (चौकटी कंसातल्या यादीवरचा) ‘मॅप’ ३२-३२ घटकांचे गठ्ठे उचलतो, त्यामुळे त्याला छापायचं काम दिलं, तर लांब यादीतला पहिलाच घटक मागितला तरी ३२ ओळी छापून मोकळा! आणि फाइल उघडून काम संपताच बंद करणाऱ्या ‘विथ-ओपन’मधून ‘फॉर’ तसंच बाहेर दिलंत तर वाचायच्या आत फाइल बंद झालेली असते. तिथे त्याला, सगळी यादी लगेच तयार करायला लावणाऱ्या ‘डूऑल’मध्ये गुंडाळा.