मॅनोमेट्रीला जाताय? आवंढा एकदाच गिळा

मॅनोमेट्री म्हणजे नाकातून नळी घालून अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी तपासणी. गिळताना त्रास होत असेल किंवा छातीत दुखत असेल तर ती सांगतात. पण छातीत दुखलं की आधी ईसीजी आणि ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी. 'गॅस असेल' म्हणत ओवा चघळत घरी बसू नका. जिभेखाली सॉर्बिट्रेट धरून बरं वाटलं म्हणजे हार्टच, हेही चूक. त्या गोळीने अन्ननलिकेचा पेटकासुद्धा सुटतो. हृदय ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढचं वाचा.

'गिळताना त्रास होतो' एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. भाकरी अडकते की पाणीही? आधी भाकरी अडकायची, आता पेजही जात नाही, वजन उतरतंय, असं असेल तर एक दिवसही घालवू नका. पहिल्यापासून दोन्ही अडकत असेल तर संशय स्नायूंवर. एंडोस्कोपी दोन्हीकडे आधी होतेच. आत सगळं छान दिसलं तरी बायोप्सी घेतली का, ते विचारा. इओसिनोफिलिक, म्हणजे ॲलर्जीसारखी सूज कधीकधी बायोप्सीच्या तुकड्यातच सापडते.

मग मॅनोमेट्री. उपाशीपोटी या, चालू गोळ्यांचं डॉक्टरांना आधी विचारा. नळी नाकातून जाते. हनुवटी खाली, पाण्याचे घोट घ्या, झालं.

खरी गोची पुढे. आडवं झोपवून सिरिंजने तोंडात 5 मिली पाणी देतात. एकदाच गिळायचं, मग साधारण 30 सेकंद लाळसुद्धा नाही. असे दहा घोट. लागोपाठ दुसऱ्यांदा गिळलं की घोट खाली ढकलणारी स्नायूंची पहिली लाट अर्ध्यात विरते आणि पडद्यावर धडधाकट अन्ननलिका आजारी दिसते. ही तपासणी करायला मी नवीन असताना एका आजींचे दहापैकी सात घोट असेच घालवले. मी 'गिळू नका, गिळू नका' म्हणत होते आणि तो शब्द कानावर पडला की त्यांना आवंढा यायचा! आता मी तो शब्दच काढत नाही. ओठ किंचित उघडे ठेवा, लाळ खुशाल टिशूवर गळू द्या. तोंड उघडं असलं की गिळणं अवघड जातं. चुकून गिळलंत तर लगेच हात वर करा. घोट पुन्हा देता येतो. लाजून गप्प बसणाऱ्यांचेच रिपोर्ट बिघडतात.

नंतर बसवून थोडे घोट, शेवटी 200 मिली पाणी एका दमात. तिथे मात्र भराभरा गिळा.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं मनाचं ठरत नाही. 24 तासांची पीएच तपासणी, म्हणजे अन्ननलिकेत आम्ल किती येतं ते मोजणं, अजून बाकी असते. आणि दहापैकी किती घोट हिशेबात धरले, ते रिपोर्टमध्ये बघा. लिहिलं नसेल तर विचारा.