जिल्ह्यांचे ठिपके: 'आर'मध्ये डॉट प्लॉट काढताना मी काय शिकले

सांख्यिकीत एमएस्सी झाल्यावर पहिल्या नोकरीत मला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम अगदी साधं होतं. 2011च्या जनगणनेतली महाराष्ट्राच्या 35 जिल्ह्यांची साक्षरता एका पानावर दाखवायची. मी स्तंभालेख काढला. पस्तीस उभे स्तंभ, खाली तिरकी लिहिलेली नावं, आणि सगळे स्तंभ जवळपास सारख्याच उंचीचे. नंदुरबार साधारण 64 टक्के आणि मुंबई उपनगर जवळजवळ 90, म्हणजे मधलं अंतर चांगलं मोठं आहे. पण स्तंभ शून्यापासून सुरू करावा लागतो, त्यामुळे पानाचा बराचसा भाग सगळ्या जिल्ह्यांमध्ये समान असलेलं दाखवण्यातच जातो.

तेव्हा एका सहकाऱ्याने 'आर' या सांख्यिकीसाठीच्या संगणकभाषेत डॉट प्लॉट, म्हणजे स्तंभाऐवजी ठिपक्यांचा आलेख, काढायला सुचवलं. अमेरिकी सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम क्लीव्हलँड यांनी बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत असताना 1984 साली रॉबर्ट मॅकगिल यांच्यासोबत एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आलेखातलं काय माणसाला अचूक वाचता येतं, हे त्यांनी लोकांवर प्रयोग करून पाहिलं. एकाच पट्टीवरची जागा डोळा सगळ्यात बरोबर ओळखतो. लांबी, कोन, क्षेत्रफळ हे त्यानंतर. ठिपका म्हणजे फक्त जागा, लांबी नाही. म्हणून अक्ष 60 पासून सुरू केला तरी फसवणूक होत नाही, फक्त अक्षावरचे आकडे ठळक हवेत. स्तंभाला ही मुभा नाही.

नव्याने शिकणाऱ्यांचा पहिला गोंधळ नावातच होतो, म्हणून तो आधी सोडवू. 'डॉट प्लॉट' म्हणून दोन वेगवेगळे आलेख ओळखले जातात. एकात प्रत्येक निरीक्षणाचा एक ठिपका, आणि सारख्या किमतींचे ठिपके एकमेकांवर रचलेले. तो हिस्टोग्रामचा, म्हणजे किमतींचे गट पाडून काढलेल्या स्तंभालेखाचा भाऊ. दुसऱ्यात डावीकडे नावं, प्रत्येक नावासमोर फिकट रेघ, आणि रेघेवर एक ठिपका. 'जीजीप्लॉट 2' या 'आर'साठीच्या आलेखांच्या पॅकेजमधली (जोड-संचातली) 'जिऑम डॉटप्लॉट' ही कमांड पहिला प्रकार काढते. जिल्ह्यांसारख्या तुलनेसाठी दुसरा हवा, आणि तो 'जिऑम पॉइंट'ने काढायचा. स्टॅटा हे सांख्यिकीचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: तिथे 'डॉटप्लॉट' ही कमांड पहिल्या प्रकारची आणि 'ग्राफ डॉट' दुसऱ्या प्रकारची आहे.

माझी सुरुवात मात्र 'आर'च्या मूळ 'डॉटचार्ट' कमांडने झाली, आणि शिकणाऱ्यांना मी आजही तीच आधी सुचवते. एका ओळीत आलेख येतो. ठिपका भरीव हवा तर 'पीसीएच' (ठिपक्याचं चिन्ह) 19 द्यायचं, 35 नावं एकमेकांवर चढू नयेत म्हणून 'सीईएक्स' (अक्षरांचं माप) 0.7 करायचं, मागच्या रेघा फिकट करायला 'एलकलर'. डावीकडची जागा नावांच्या लांबीनुसार कमांड स्वतःच सोडते.

आता जी चूक झाली ती सविस्तर सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते.

जिल्हे साक्षरतेच्या चढत्या क्रमाने लावावेत म्हणून मी आकड्यांना 'सॉर्ट' केलं. नावं वेगळ्या यादीत होती, ती 'लेबल्स'मध्ये जशीच्या तशी दिली. आलेख सुरेख आला. 'डॉटचार्ट' पहिली किंमत सगळ्यात खाली काढतं; तिथे नंदुरबार होतं, आणि सर्वात कमी साक्षरता नंदुरबारचीच, हे मला माहीत होतं. त्या एका खुणेवर विसंबून मी आलेख छापला.

शेजारच्या टेबलावर अकोल्याच्या एक ताई बसत. त्यांनी कागद हातात घेतला, बोट खालून वर नेलं आणि पाचव्या ठिपक्यावर थांबवलं. "आमचं अकोला इतकं खाली? आणि नागपूर खालून नववं?" त्या जराही रागावल्या नव्हत्या, पण त्यांना ते पटत नव्हतं. मी मूळ तक्ता उघडला. अकोला, नागपूर, अमरावती हे तर राज्यात वरच्या सहांत आहेत!

झालं असं होतं: जनगणनेच्या यादीत महाराष्ट्राचे जिल्हे नंदुरबारपासून सुरू होतात. मग धुळे, जळगाव, बुलडाणा, अकोला, आणि शेवटी सांगली. मी आकडे हलवले, नावं जागेवर राहिली. त्यामुळे मुंबई उपनगराचा ठिपका सांगलीच्या नावावर गेला. नंदुरबार तेवढं बरोबर, कारण ते यादीतही पहिलं आणि साक्षरतेतही सर्वात खालचं. नेमक्या त्या योगायोगाने चूक लपली.

तेव्हापासून नावं आणि आकडे मी कधीच वेगळे ठेवत नाही. एक तर 'नेम्स' वापरून नावं आकड्यांनाच जोडायची, म्हणजे 'सॉर्ट' केल्यावर तीही सोबत हलतात. नाहीतर डेटा फ्रेममध्ये, म्हणजे 'आर'मधल्या तक्त्यात, 'ऑर्डर'ने अख्ख्या ओळी हलवायच्या. आणि छापण्याआधी वरची, खालची आणि मधली अशी किमान तीन नावं मूळ तक्त्याशी ताडून पाहायची.

'जीजीप्लॉट 2'मध्ये ही चूक होणं अवघड, पण तिथे दुसरी अडचण येते. नावं आपोआप वर्णानुक्रमे लागतात, तीही खालून वर, त्यामुळे अकोला तळाशी बसतं. 'रीऑर्डर'मध्ये जिल्हा आणि साक्षरता दिली की क्रम लागतो. क्रम लावल्याशिवाय डॉट प्लॉट कुणालाही दाखवू नका, या मताची मी आहे. वर्णानुक्रमाने जिल्हा शोधता येतो, पण चित्राचा आकार हरवतो.

पुढची पायरी स्त्री आणि पुरुष असे दोन ठिपके एकाच रेघेवर. राज्याचे आकडे आहेत पुरुष 88.38 आणि स्त्रिया 75.87 टक्के. दोन ठिपके 'जिऑम सेगमेंट'ने जोडले की रेघेची लांबी म्हणजेच दरी. इथे एक बारीक गोष्ट: प्रत्येक जिल्ह्याच्या दोन ओळी असल्या तर 'रीऑर्डर' त्यांची सरासरी घेऊन क्रम लावतं. मला स्त्रियांच्या साक्षरतेनुसार क्रम हवा असतो, म्हणून तक्त्यातला तो कॉलम मी वेगळा करून देते. सरासरीने लावलेल्या क्रमात सर्वाधिक दरी असलेले जिल्हे मधे कुठेतरी विखुरतात.

ठिपक्यांनी चूक पकडण्याचं प्रसिद्ध उदाहरण बार्लीचं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातली सहा ठिकाणं, दहा वाण, 1931 आणि 1932 ही दोन वर्षं. ही आकडेवारी अनेकांनी अनेकदा हाताळली होती. क्लीव्हलँड यांनी ठिकाणनिहाय डॉट प्लॉट काढले तेव्हा दिसलं की पाच ठिकाणी 1931चं उत्पादन जास्त, आणि फक्त मॉरिस इथे उलटं. तिथली वर्षं अदलाबदल झाली असावीत, असं त्यांनी म्हटलं. पुढे जुन्या नोंदी तपासून, हा फरक नैसर्गिकही असू शकतो, असं मांडलं गेलं. पण प्रश्न दिसला तो ठिपक्यांमुळेच. ही आकडेवारी 'लॅटिस' पॅकेजमध्ये मिळते. ते पॅकेज दीपायन सरकार यांनी लिहिलं आहे. पहिल्या सरावासाठी हाच आलेख स्वतः काढून बघा.

मराठीत नावं छापायची असतील तर अक्षरांसाठी वेळ राखून ठेवा. आधी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. मग फाँट बदलला की अक्षरं येतात, पण 'हिंगोली'ची पहिली वेलांटी 'ह'च्या मागे जाऊन बसते आणि 'सिंधुदुर्ग'चा रफार सुटतो. मी 'रॅग' पॅकेजने पीएनजी (चित्राची फाइल) करते आणि नोटो सान्स देवनागरी फाँट वापरते. जोडाक्षरं नीट येतात. चाचणीला हीच दोन नावं आधी छापून पाहते.

शेवटचं काम नावांचंच. 2011च्या यादीत पालघर नाही, कारण तो जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. हे आलेखाखाली एका ओळीत लिहा, नाहीतर तिथला वाचक आपला ठिपका शोधत राहील. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर यांची नावं आता बदलली आहेत, त्यामुळे जुना आणि नवा तक्ता नावांवरून जोडला तर हे तीन जिल्हे गळतात. जनगणनेचे जिल्हा क्रमांक वापरून जोडा आणि आजची नावं अगदी शेवटी लावा. 'छत्रपती संभाजीनगर' सर्वात लांब आहे, तेव्हा डावीकडची जागा त्याला पुरते ना, ते पाहा.