टोकियो की ओसाका? मुक्कामाचं शहर असं ठरवा

रजा मंजूर झाली, हातात सात-आठ रात्री आहेत आणि घोडं इथेच अडलंय. ज्याला विचाराल तो सांगतो, ‘टोकियो आधुनिक, ओसाका खवय्यांचं, दोन्ही करून टाका.’ हा सल्ला कानाआड करा. शहर बदलायचं म्हणजे सामान बांधा, खोली सोडा, गाडी पकडा, नवी खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळत बसा. त्यात एक अख्खा दिवस जातो. आठवड्याच्या सुट्टीला एकच मुक्काम पुरे.

1. तारखा ठरवा. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा (गोल्डन वीक, म्हणजे लागून आलेल्या सुट्ट्या) आणि ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण टाळा. तेव्हा सगळा जपानच प्रवासाला निघालेला असतो.

2. शहराबाहेर काय बघायचं ते लिहून काढा. खरा निर्णय इथे होतो. सुरुवातीला मलाही ही पायरी जड जायची, कारण मी शहराची शहराशी तुलना करत बसायचे. तशी तुलना करून हाती काही लागत नाही. ओसाका शहर दोन दिवसांत मनासारखं बघून होतं, उरलेले दिवस तुम्ही बाहेरच जाणार. तेव्हा बाहेर काय आहे ते बघा.

ओसाका स्थानकावरून शिन-कायसोकू ही जलद गाडी साध्या तिकिटात अर्ध्या तासात क्योतोला पोचवते. तीच गाडी उलट्या दिशेने कोबेला अर्ध्या तासाच्या आत आणि हिमेजीच्या किल्ल्याला तासाभरात नेते. ओसाकातल्याच नांबाहून किन्तेत्सु रेल्वेने नारा पाऊण तासाच्या आत. पुणेकरांसाठी आणखी एक ठिकाण आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ती कोराकुएन बाग ओकायामाला आहे. शिन-ओसाका स्थानकाहून शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) तासाभराच्या आत पोचता येतं.

टोकियोहून कामाकुरा तासाभर, हाकोने दीड तास, निक्को दोन तास, फुजी बघायला कावागुचिकोही साधारण तितकंच. शिवाय टोकियो स्वतःच आठवडा खातं. उएनोची संग्रहालयं, आसाकुसाचं सेन्सो-जी मंदिर, जिंबोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं, इलेक्ट्रॉनिक्सचं आकिहाबारा असं करता करता बाहेर पडायला सवडच मिळत नाही.

म्हणून यादीत देवळं, किल्ले, जुन्या राजधान्या असतील तर ओसाका. फुजी, संग्रहालयं, महानगराची भटकंती असेल तर टोकियो.

आता सगळ्यात वाईट सल्ला: ‘टोकियोत राहा, रेल्वे पास काढा, क्योतो एका दिवसात उरकून या.’ असं मुळीच करू नका. नोझोमी ही जलद शिंकानसेन क्योतोला सव्वादोन तास घेते आणि एका बाजूचं भाडं सुमारे 14,000 येन आहे. सात दिवसांचा देशव्यापी पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 वरून 50,000 येनांवर गेला. म्हणजे जाऊन-येऊन केलेल्या एका फेरीत तो वसूल होत नाही, आणि नोझोमीत बसायला वर वेगळे पैसे लागतात ते निराळेच. पैसे बाजूला ठेवले तरी वेळ जातोच. क्योतोतल्या फुशिमी इनारी या देवस्थानाला प्रवेशशुल्क नाही आणि ते दिवसरात्र उघडं असतं. सकाळी सातच्या आत गेलात तर शेंदरी तोरींच्या (कमानींच्या) रांगेतून चालताना खालच्या दगडावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो. दहानंतर समोरच्याच्या पाठपिशवीपलीकडे काही दिसत नाही. ती सकाळ ओसाकाहून सहज मिळते, टोकियोहून मिळत नाही.

3. शाकाहाराचा विचार आत्ताच करा. ‘भाज्यांचं’ म्हणून वाढलेल्या सूपमध्येही बहुधा वाळवलेल्या माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) असतं. मांस नको एवढंच सांगून भागत नाही, मासेही नकोत हे स्पष्ट सांगा. ओसाकाचं ताकोयाकी म्हणजे ऑक्टोपस, त्यामुळे दोतोनबोरी या तिथल्या खाऊगल्लीतल्या टपऱ्यांवर शाकाहारी माणसाचे हाल होतात. टोकियोत भारतीय वस्तीचं निशी-कासाई आहे, तिथे घरच्यासारखं जेवण मिळतं. मात्र यासाठी शहर बदलू नका. ओसाकाहून नानकाई रेल्वेने कोयासान या मठांच्या डोंगरावर जा आणि एक रात्र मठात राहा. तिथलं शोजिन र्‍योरी हे मठातलं शाकाहारी जेवण प्रवासातलं सर्वात चांगलं जेवण ठरू शकतं.

4. खोली. टोकियोत यामानोते या वर्तुळाकार रेल्वेमार्गावरच्या स्थानकाजवळ, ओसाकात उमेदा किंवा नांबाला. शिन-ओसाकाजवळची खोली स्वस्त दिसली तरी घेऊ नका, संध्याकाळी पाय मोकळे करायला तिथे फारसं काही नाही.

5. तिकीट. ओसाका ठरलं तर तिथल्या कान्साई विमानतळाचंच काढा, एखादा थांबा वाढला तरी चालेल. टोकियोच्या नारिता विमानतळावर उतरून शिंकानसेनने ओसाका गाठायचं म्हटलं तर पहिला दिवस बॅगा ओढण्यातच संपतो. त्यातून लांबी-रुंदी-उंचीची बेरीज 160 सेंटिमीटरच्या वर असलेल्या बॅगेसाठी त्या गाडीत सामानाच्या जागेसह आसन आधीच राखून ठेवावं लागतं. दहाहून जास्त रात्री असतील तर गोष्ट वेगळी. मग टोकियोत उतरा, मध्ये एकदाच शिंकानसेन घ्या आणि कान्साईहून परत या.