घरातल्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक करताय? या चुका टाळा

पत्रादेवी ते पोळे हा गोव्याचा अख्खा महामार्ग दीडशे किलोमीटरच्या आत संपतो. बहुतेक घरांचा रोजचा प्रवास त्याच्या निम्माही नसतो. त्यामुळे दोन मोटारी आणि एक स्कूटर असलेल्या घराला पेट्रोल पूर्ण सोडणे इथे सहज जमण्यासारखे आहे. तरीही पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी येतातच, आणि त्यातल्या बहुसंख्य गाडीच्या नसून घराच्या वायरिंगच्या असतात. गाडी आधी बुक होते आणि ती दारात उभी राहिल्यावर वायरमनला फोन जातो. हा क्रम उलटा करा. बुकिंगच्या निदान दोन महिने आधी घराची वीज तपासून घ्या.

मोठ्या चार्जरचा हट्ट

दोन मोटारी म्हणजे ७.२ किलोवॅटचे दोन चार्जर, असा हिशेब सर्रास केला जातो. आधी घराला रोज किती युनिट लागतात ते मोजा. एक गाडी दिवसाला ६० किमी, दुसरी ३० आणि स्कूटर २५ किमी चालते असे धरू. मध्यम आकाराची एसयूव्ही १०० किमीला साधारण १५ युनिट खाते, छोटी हॅचबॅक ११ आणि स्कूटर ३. म्हणजे ९ अधिक ३.३ अधिक पाऊण, असे १३ युनिट. चार्जिंगमध्ये १० ते १२ टक्के वाया जातात ते धरून साडेचौदा. १६ अँपिअरच्या साध्या पॉवर प्लगवरचा चार्जर तासाला तीन युनिट सहज देतो. रात्री अकरा ते पहाटे चार एवढ्या वेळात तिन्ही गाड्यांची रोजची भूक भागते.

७.२ किलोवॅटचा एक चार्जर असणे चांगलेच. अचानक लांब जायचे झाले, किंवा दोन्ही गाड्या रिकाम्या परतल्या, तर तो कामाला येतो. पण दुसरा घेऊ नका. ७.२ किलोवॅट म्हणजे ३२ अँपिअर, आणि ते तासन्‌तास सलग. त्यात दीड टनाचा एसी, गिझर आणि दुसऱ्या गाडीचा ३ किलोवॅटचा चार्जर एकदम चालू झाला की सिंगल फेजच्या घराचा मुख्य एमसीबी, म्हणजे जादा भार झाल्यावर आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. गाडीच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ ठरवता येते. मोठी गाडी अकराला, छोटी तीनला असे लावून दिले की निम्मा प्रश्न मिटतो.

वीज बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिला आहे तो आत्ताच बघा. कमी असेल तर वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात भारवाढीचा अर्ज करा. दोन मोटारींच्या घराने शक्य असेल तर थ्री फेजच मागावे आणि दोन चार्जर दोन वेगळ्या फेजवर टाकावेत. खर्चाचा अंदाज बांधतानाही एक चूक हमखास होते. जुन्या बिलाची रक्कम युनिटांनी भागून दर काढला जातो. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि ४०० युनिटांवरचा टप्पा सर्वांत महाग असतो. गाड्यांचे महिन्याचे सव्वाचारशे-साडेचारशे युनिट घराच्या वापरावर चढतात, तेव्हा त्यांना वरच्या टप्प्यांचाच दर लावून हिशेब करा.

जुन्या घराची जुनी तार

इथे आम्ही थोडे जास्त थांबणार आहोत, कारण खरा धोका इथेच आहे. पोर्तुगीजकालीन घरात मीटर पुढच्या व्हरांड्यात आणि गाडी मागच्या अंगणात, असे चित्र नेहमीचे. मधे तीस-चाळीस मीटर तार. ती दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर ४० मीटरवर १५ अँपिअर चालताना साडेचौदा व्होल्ट तारेतच गळतात आणि सुमारे २२० वॅट उष्णता भिंतीतल्या पाइपमध्ये साठत राहते, तीही पाच-सहा तास. मिक्सर किंवा इस्त्री दहा-पंधरा मिनिटे चालते म्हणून तीच तार वर्षानुवर्षे टिकलेली असते. गाडी तिला तेवढी उसंत देत नाही. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत त्याच अंतरावर गळती साडेपाच व्होल्टवर येते.

म्हणून १६ अँपिअरच्या पॉइंटला मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटर तांबे आणि २० अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी. ३२ अँपिअरच्या चार्जरला ६ चौरस मिलिमीटर आणि ४० अँपिअरचा एमसीबी. अंतर तीस मीटरच्या पुढे गेले तर १० चौरस मिलिमीटर घ्या. स्वस्त पडते म्हणून अ‍ॅल्युमिनियम वापरू नका. गाडीची लाइन इन्व्हर्टरच्या सर्किटवर टाकू नका. एक्स्टेन्शन बोर्ड तर मुळीच नको, तो कितीही जाड दिसला तरी.

सॉकेटवर कंजुषी करू नये. साधे सॉकेट सलग भाराने ढिले पडते, स्क्रू सैल होतात, प्लगची पिन तापते, मग प्लास्टिक पिवळे-तपकिरी पडते. निळ्या रंगाचे, झाकणाचे, तीन गोल पिनांचे औद्योगिक १६ अँपिअर सॉकेट बसवले की हा त्रास जवळजवळ संपतो. मात्र चार्जरचा प्लग बदलण्याआधी गाडीच्या कंपनीला विचारा, नाहीतर चार्जरच्या वॉरंटीवरून वाद होतो. काही चार्जरच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो कापून टाकला तर चार्जर चालत नाही.

चार्जिंग सुरू होऊन वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप थांबत असेल तर आधी हेच बघा. गन (चार्जरचे गाडीत लावायचे टोक) काढा, एमसीबी बंद करा आणि प्लगच्या पिनांजवळ हात लावा. हात ठेववत नसेल इतके गरम असेल तर दोष सॉकेटचा किंवा तारेचा. वायरमन येईपर्यंत गाडीत किंवा चार्जरवर १० अँपिअरची सोय असल्यास तेवढ्यावरच, आणि थंड राहणाऱ्या दुसऱ्या चांगल्या पॉइंटवरून चार्ज करा.

अर्थिंग: एप्रिलमध्ये लागणारा लाल दिवा

पावसाळ्यात बिनतक्रार चालणारा चार्जर एप्रिल-मे महिन्यात लाल दिवा दाखवतो, आणि दोष चार्जरच्या माथी मारला जातो. कारण पायाखाली आहे. आपल्याकडची जमीन जांभ्याची. उन्हाळ्यात ती खोलवर वाळते, आणि वाळलेला जांभा विजेला वाट देत नाही. पाणी मुरल्यावर अर्थिंगचा तोच खड्डा पुन्हा नीट काम करू लागतो.

मल्टिमीटर असेल त्याने तीन मापे घ्यावीत. फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थ जवळपास तितकेच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचे माप दहा-पंधरावर गेले तर अनेक चार्जर काम नाकारतात, आणि ते योग्यच करतात. अर्थचा रोध मात्र अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो. तो ५ ओहमच्या आत असावा आणि माप मे महिन्यात घ्यावे. जुलैतले माप फसवे असते. उपाय म्हणजे तीन मीटरची तांब्याचा मुलामा दिलेली सळी, भोवती बेंटोनाइटची भर, आणि रोध उतरला नाही तर पहिल्यापासून निदान तीन मीटरवर दुसरा खड्डा घेऊन दोन्ही जोडणे. विहिरीजवळची किंवा माडांना पाणी जाते तिथली जागा निवडली तर उन्हाळा सोपा जातो.

आता एक जुगाड, जो पाहिला की थरकाप होतो. लाल दिवा घालवण्यासाठी सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांची तार जोडून देतात. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होते, सगळे खूश. पण वादळात किंवा खांबावर कुठे न्यूट्रल तुटली, तर त्याच जोडणीतून गाडीच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येऊ शकतात. अंगणात ओल, पायात चप्पल नाही आणि हात गाडीच्या दाराला. कोणी हा उपाय सुचवला तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, घेतानाही दुकानात मागाल तेच मिळेल याची खात्री करा. ३० मिलिअँपिअरची हवीच, पण तिचा प्रकारही बघा. नुसती एक नागमोडी रेघ छापलेली असेल तर ती एसी प्रकारची, गाडीसाठी अपुरी. गाडीच्या चार्जरमधून थोडी डीसी गळती झाली तर अशी आरसीसीबी आंधळी होते आणि गरजेच्या वेळी पडत नाही. नागमोडी रेघेखाली अर्धवट कमानी असलेली ए प्रकारची घ्या, आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आहे का ते विचारा. नसेल तर बी प्रकारची लागते, ती महाग असते. प्रत्येक गाडीला वेगळी आरसीसीबी ठेवा, म्हणजे एकीची पडली तरी दुसरी चार्ज होत राहील. मेअखेरच्या गडगडाटासाठी मुख्य बोर्डात विजेचा अचानक येणारा लोट अडवणारा टाइप २ सर्ज प्रोटेक्टर बसवा. चांगले अर्थिंग नसेल तर त्याचाही उपयोग नाही.

पाऊस, पाणी आणि खारा वारा

पावसात चार्जिंग करता येते. गन आणि गाडीचा पोर्ट त्यासाठीच बनवलेले असतात. भिजता कामा नये ते भिंतीवरचे सॉकेट. ते छपराखाली, जमिनीपासून सव्वा मीटरवर, झाकणाच्या पेटीत असावे. पेटीत तार खालून न्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी तिथेच ठिबकते. तारेचे भोक सील करा. पालीने अंडी घातलेल्या आणि मुंग्यांनी घर केलेल्या पेट्या कमी नाहीत. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनारपट्टीच्या गावांत खाऱ्या हवेने पितळी पिनांवर हिरवा थर चढतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वायरमनकडून जोडण्या उघडून, साफ करून, पुन्हा आवळून घ्या.

बॅटरी आयपी ६७ आहे म्हणून पाण्यात गाडी घालणे ही महागडी चूक. त्या आकड्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात तीस मिनिटे, तेही नव्या सीलसह, आणि फक्त बॅटरीच्या पेटीपुरता. पणजीत १८ जून मार्गावर गुडघाभर पाणी साचते तेव्हा ते वाहते आणि चिखलाचे असते. गाडीच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आले असेल तर ती चालू करू नका, चार्जला लावू नका. उचलून नेणाऱ्या ट्रकवरच न्या. मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवून गाडी ओढली तर मोटर स्वतःच वीज तयार करू लागते.

ब्रेकचेही बघा. रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच गाडी मंदावून वीज परत बॅटरीत भरते त्यामुळे, ब्रेक पॅड कमी वापरले जातात आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजन शून्यावर आणून चार-पाच वेळा दाबून ब्रेक लावा.

घाटाचा हिशेब

आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. सतराशे किलोची गाडी सहाशे मीटर वर चढवायला केवळ उंचीपोटी २.८ युनिट लागतात, मोटरची घट धरून सव्वातीन. म्हणजे सपाटीवरचे वीस-बावीस किलोमीटर. उतरताना यातले अर्ध्याहून थोडे अधिक परत मिळते. चोर्ला आणि अनमोडचे गणित फार वेगळे नाही. घाट भीतीदायक नाहीत, पण स्क्रीनवरचा आकडा चढणीवर झपाट्याने घसरतो आणि लोक घाबरतात. पायथ्याशी ३५-४० टक्के असेल तर निर्धास्त चढा.

चूक वर होते. घाटमाथ्यावर मुक्काम करून सकाळी १०० टक्के भरून निघतात. भरलेल्या बॅटरीत रीजनची वीज जायला जागा नसते, गाडी रीजन बंद करते आणि सगळा उतार ब्रेकवर येतो. माथ्यावरून निघताना ८५-९० टक्केच ठेवा. चोर्ल्याच्या जंगलात मोबाइल नेटवर्क तुटक आहे आणि सार्वजनिक चार्जर बहुधा अ‍ॅपवर चालतात, तेव्हा निदान दोन अ‍ॅप पैसे भरून तयार ठेवा. ८० टक्क्यांनंतर जलद चार्जर मंदावतो. तिथे ताटकळण्यापेक्षा पुढच्या चार्जरवर थांबलेले बरे.

शंभर टक्के की ऐंशी

एकाच घरात दोन प्रकारच्या बॅटऱ्या आल्या की हा गोंधळ होतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीची गाडी आठवड्यातून एकदा हळू चार्जरवर १०० टक्के भरा, नाहीतर तिचा मीटर चुकतो आणि २० टक्क्यांवरून एकदम १२ वर उडी मारतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोज ८० टक्क्यांवर थांबवा, लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. कोणती आहे ते पुस्तिकेत असते.

गाडी अजिबात जागी होत नसेल, दारे उघडत नसतील किंवा स्क्रीन लुकलुकत असेल, तर मोठ्या बॅटरीला दोष देण्याआधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. ती तीन-चार वर्षांत संपते. बोटीवर किंवा आखातात कामाला असलेल्यांच्या घरी गाडी महिनोन्‌महिने उभी असते. तेव्हा मोठी बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, चार्जर काढून ठेवा आणि घरच्या कोणाला तरी पंधरवड्यातून अर्धा तास गाडी चालू करायला सांगा. तेही शक्य नसेल तर १२ व्होल्टची ऋण तार सोडवा, पण मग दार उघडायची साधी चावी गाडीच्या आतच विसरू नका.

चवथीला मूळ घरी

घरात दोन्ही गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की खरी परीक्षा चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. सगळे कुटुंब सत्तरीत किंवा पेडण्यात मूळ घरी जाते, तिथे एकच पॉवर पॉइंट असतो, माटोळीवर (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीवर) रोषणाई आणि स्वयंपाकघरात मिक्सर चालू असतो, आणि वाड्यावर संध्याकाळी व्होल्टेज १९०वर उतरते. त्या घरी आधीच एक स्वतंत्र पॉइंट आणि अर्थिंग करून घ्या. खर्च राहत्या घरच्या पॉइंटइतकाच, पण वर्षानुवर्षे कामाला येतो. तोपर्यंत १० अँपिअरवर, रात्री बारानंतर, एका वेळी एकच गाडी.

शेवटची पेट्रोल गाडी एक पावसाळा आणि एक चवथ पार पडेपर्यंत विकू नका. विकताना विम्याचा नो क्लेम बोनस विमा कंपनीकडून लिहून घ्या. तो तुमचा असतो आणि नव्या गाडीच्या विम्यावर लावता येतो. जुना फास्टॅग बंद करा आणि आरसी नव्या मालकाच्या नावावर चढल्याची प्रत हातात आल्यावरच फाइल कपाटात ठेवा.